उडत्या घुबडाचे फोटो : खान्देशातल्यांनी इकडे या

बांधावरचा (धागाकर्ता)

बसलेल्या घुबडाचे फोटो आता सगळ्यांकडे झाले. लिंबाच्या ढोलीतून डोळे वटारणारा पिंगळा तर सकाळी सुप्रभातच्या मेसेजवर येतो. उडतं घुबड मात्र फार थोड्यांकडे असतं, आणि असलं तरी बहुतेक वेळा पाठमोरं. दुसऱ्या एका धाग्यावर दोघातिघांनी याबद्दल विचारलं होतं, तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा काढतोय.

मी लिहितोय ते तापी-गिरणेकाठच्या शेतीच्या पट्ट्यातलं. कापूस, हरभरा, ज्वारी, मध्ये विहिरी आणि बांधावरचे लिंब. सातपुड्यातल्या रानाचं कुणी जाणकाराने लिहिलं तर बरं. एकच विनंती, जागा कुणीही लिहू नये. तालुक्यापर्यंत ठीक आहे, गावाचं नाव नको.

आधी कुठलं घुबड ते ठरवा. सरावाला पिंगळाच. तो गावोगाव आहे, अंधार पडायच्या आधी ढोलीबाहेर येतो आणि सकाळी ऊन खात बसतो. अडचण एवढीच की जेमतेम २१ सेंटिमीटरचा जीव, आणि सरळ जातच नाही. चार-सहा वेळा भराभर पंख मारतो, मग पंख मिटून खाली बुडी, परत पंख. फोटोत निम्म्या वेळा पंख मिटलेला ढेकूळच येतो. शृंगी घुबड मोठं आणि संथ, पण ते नाल्याच्या दरडीतून दिवेलागणीला निघतं. गव्हाणी घुबड पक्कं रात्रीचं. सगळ्यांत सोपं म्हणाल तर आखूड कानाचं घुबड. ते हिवाळ्यात येतं, माळावर गवताच्या वर हात-दोन हात उंचीवरून फिरत राहतं, मध्येच एका जागी पंख मारत थांबतं, आणि उजेड असतानाच शिकारीला निघतं. फक्त ते सापडायला हवं. भोवत्ये (हॅरिअर, माळावरचे शिकारी पक्षी) ज्या माळावर रात्री मुक्कामाला उतरतात तिथे नजर ठेवा.

आता वाऱ्याचं. पक्षी वाऱ्याच्या तोंडाकडे उडतो आणि बसतानाही तोंड वाऱ्याकडेच करतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याची उन्हाशी सांगड कुणी घालत नाही. आपल्याकडे थंडीत झुळूक बहुतेक पूर्वेची नाहीतर ईशान्येची. संध्याकाळी ऊन पाठीशी हवं म्हणून आपण पश्चिमेला बसतो आणि घुबड पूर्वेला निघून जातं. मिळते शेपटी. तेच सकाळी करा. तुम्ही पूर्वेला, सूर्य तुमच्या पाठीशी, वाराही तुमच्याच बाजूने, म्हणजे घुबड उडेल ते तुमच्याकडे तोंड करून. एप्रिल-मे मध्ये उलटं होतं. तेव्हा वारा पश्चिमेचा, म्हणून संध्याकाळ चांगली. थंडीत लोक संध्याकाळी का जातात मला कळत नाही. बहुधा सकाळी उठवत नाही म्हणून. वारा पूर्ण पडलेला असला तर मात्र हे गणित सोडा, मग पक्षी त्याच्या सवयीच्या दिशेने जातो आणि ती सवय आदल्या दिवशी नुसतं बसून बघावी लागते.

तिसरं म्हणजे थांबे. हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावतात ते माहीतच असेल, इंग्रजी टी च्या आकाराच्या काठ्या. दिवसा त्यावर कोतवाल बसतो, दिवस कलला की पिंगळा. पिंगळ्याचे ठरलेले दोन-तीन थांबे असतात. आडव्या काठीवर पांढरे ओघळ आणि खाली उंदराच्या हाडांच्या, केसांच्या करड्या गोळ्या पडलेल्या दिसल्या की तो थांबा चालू आहे समजा. ढोलीपाशी बसू नका, थांब्यापाशी बसा. थांब्यावरून तो पुनःपुन्हा जमिनीवर झेपावतो आणि परत तिथेच येतो, त्यामुळे येणं-जाणं दोन्ही मिळतं. ढोलीपाशी फक्त वैताग मिळतो, तुम्हालाही आणि त्यालाही.

उडायच्या आधी घुबड सांगतं. मान वर-खाली, डावी-उजवी करून अंतराचा अंदाज घेतं, पुढे झुकतं, पिसं अंगाला चिकटवतं, बऱ्याचदा विष्ठा टाकतं. विष्ठा पडली की बोट बटणावर दाबायचं. हे हसण्यावारी नेऊ नका.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. पिंगळ्याला शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, मोठ्या घुबडांना १/१२५० चालतं. शटर आणि ॲपर्चर हाताने, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो. आभाळापुढे असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) वाढवा नाहीतर काळा कावळा येईल. गव्हाणी घुबड अंधाऱ्या झाडीपुढे असेल तर कमी करा, त्याची पांढरी छाती जळते. बाकी प्रश्न येतील तसं लिहितो.


केळीचा घड

वाचनखूण साठवली. विष्ठेची गोष्ट खरी आहे, ससाण्यांच्या बाबतीतही तेच बघितलंय.


लेन्सवेडी_धुळे

दादा, छान लिहिलंत. माझ्याकडे क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि १५०-६०० ची लेन्स आहे. बसलेले फोटो काटेकोर येतात, पण उडताना शंभर काढले तर नव्वद मऊ. फोकस सर्वो मोडवरच (हलत्या पक्ष्यामागे सतत फिरणारा) आहे. शटरही १/२०००. मग चुकतंय कुठे? लेन्सच खराब आहे असं एका मित्राचं म्हणणं आहे, दुकानदार म्हणतो कॅमेरा बदला.


बांधावरचा

ताई, दुकानदार तेच म्हणणार. लेन्स बसलेला फोटो काटेकोर देते म्हणजे ठीक आहे.

फोकसची जाडी बघा. ६०० ला, एफ ६.३ वर, वीस मीटरवर क्रॉप बॉडीत फोकसची खोली साधारण २८-३० सेंटिमीटर येते, फुल फ्रेममध्ये चाळीसेक. म्हणजे पक्षी हातभर पुढे आला की फोकसमधून गेला. समोरून येणाऱ्या पक्ष्याच्या मागे फोकसला सतत पळावं लागतं. पाठीमागच्या कापसाच्या काड्यांवर तो एकदा अडकला की परत येईपर्यंत पिंगळा पुढच्या बांधावर.

तीन गोष्टी करून बघा. लेन्सवरचा लिमिटर दूरच्या बाजूला ठेवा, म्हणजे फोकस उगाच जवळच्या टोकापर्यंत शोधत जाणार नाही. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर घ्या, घुबड बसलेलं असतानाच धरून ठेवा. आणि ६०० हट्टाने वापरू नका. ४०० ला या. त्याच अंतरावर खोली दुपटीहून जास्त होते, फ्रेमही मोकळी राहते, पंख कापले जात नाहीत. नंतर कापून घ्या.

शटरबद्दल. सेकंदाला दहा मीटर जाणारा पक्षी १/१००० मध्ये एक सेंटिमीटर सरकतो. धड एक सेंटिमीटर, पंखाचं टोक त्याहून बरंच जास्त. पिंगळ्याला १/२००० सांगतो ते यासाठी. पंखाची टोकं जराशी हललेली मला चालतात, डोळा हललेला चालत नाही.

अजून एक, तुम्ही किती वाजता जाता? दहानंतर उघड्या रानात जमीन तापते आणि हवा थरथरते. लांबच्या लेन्सला तेव्हा सगळंच मऊ दिसतं. आपल्याकडे फेब्रुवारी संपत आला की नऊलाच खेळ आटोपतो.


लेन्सवेडी_धुळे

अकरापर्यंत बसते मी. 😄 कळलं. ४०० चं करून बघते रविवारी.


निशाचर७७

धाग्यात एक मोठी गोष्ट राहिली, फ्लॅश. गव्हाणी घुबड आणि शृंगी घुबड उडताना हवं असेल तर फ्लॅशशिवाय पर्याय नाही. सूर्य बुडाल्यावर प्रकाश ढोबळ मानाने दर तीन-चार मिनिटांत निम्मा होतो. अर्ध्या तासात आयएसओ कुठल्या कुठे जातो. परदेशातले गाजलेले उडत्या घुबडांचे फोटो बघा, कितीतरी फ्लॅशचेच आहेत. फ्लॅशने घुबड आंधळं होतं ही निव्वळ अफवा आहे. मी गावाबाहेरच्या पडक्या गिरणीत वर्षानुवर्षं फ्लॅशने फोटो काढतो, तीच जोडी तिथेच नांदते आहे.


बांधावरचा

कायमचं आंधळं होतं असं मीही म्हणणार नाही. माझा आक्षेप दुसऱ्या गोष्टीवर आहे. घुबडाचा डोळा अंधाराला सरावलेला असतो, तो क्षणभर दिपतो. बसलेलं घुबड डोळे मिचकावेल आणि सोडून देईल. उडतं घुबड त्या क्षणी हवेत आहे, आणि आपल्या शेतांत विजेच्या तारा, केळीला बांधलेल्या दोऱ्या, कुंपणाची काटेरी तार, सगळंच आहे. पतंगांचा मोसम असेल तर झाडाझाडात मांजा. उडत्या पक्ष्यावर फ्लॅश नको, एवढंच म्हणणं.

आणि पर्याय नाही हेही खरं नाही. सूर्य बुडाल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत शृंगी घुबड दरडीच्या टोकावर येऊन बसतं, तेव्हाच पहिली झेप असते. १/५००, आयएसओ ६४००, थोडा दाणा येईल, येऊ दे. अंधार आणखी वाढला की मी १/६० वर येतो आणि घुबडाबरोबर कॅमेरा फिरवतो. चेहरा जमला आणि पंखांचा धूर झाला तर तो फोटो मला गोठवलेल्या फोटोपेक्षा जास्त आवडतो. हे माझं मत. जमतो मात्र क्वचितच.


निशाचर७७

पंखांचा धूर तुम्हाला लखलाभ. मला पिसं मोजता आली पाहिजेत. आपण असहमत आहोत एवढ्यावर थांबू.


मास्तर_चोपडा

पिसांचा विषय निघाला म्हणून. निशाचरभाऊ म्हणतात ते पिसं मोजणं फुकट जात नाही. उडत्या घुबडाचा बाजूने काढलेला काटेकोर फोटो असेल तर पंखाचं सगळ्यांत बाहेरचं मोठं पीस शंभर टक्के मोठं करून बघा. त्याच्या पुढच्या कडेला कंगव्याला असतात तसे बारीक दात दिसतील. मागच्या कडेला झालर असते आणि पिसाच्या वरच्या अंगाला मखमली लव. पुढून येणारी हवा त्या दातांनी विंचरली जाते, मोठे भोवरे तयार होत नाहीत, लव पिसांचं घासणं मुकं करते. शरीराच्या मानाने पंख मोठे, म्हणून पंख सावकाश मारून चालतं. घुबड डोक्यावरून गेलं तरी ऐकू येत नाही त्यामागे हे सगळं आहे.

शांतपणे उडण्याचा फायदा दुहेरी. उंदराला चाहूल लागत नाही हा एक, आणि घुबडाला स्वतःच्या पंखांच्या आवाजात उंदराची खुसखुस हरवत नाही हा दुसरा. गव्हाणी घुबडाचे दोन कान वेगवेगळ्या उंचीवर असतात. आवाज कुठल्या बाजूने आणि किती खालून येतोय ते त्यातून कळतं, म्हणून मिट्ट अंधारात नुसत्या आवाजावर ते उंदीर धरतं. हे प्रयोगशाळेत अंधाऱ्या खोलीत तपासून झालेलं आहे.

फोटोवाल्यांना यातून घ्यायचं ते असं की कॅमेऱ्याचा खटखटाट घुबडाला आपल्या कल्पनेपेक्षा फार मोठा ऐकू येतो. सायलेंट मोड असेल तर वापरा.


लेन्सवेडी_धुळे

सर, सायलेंट मोडवर माझ्या मैत्रिणीच्या कॅमेऱ्यात पंख वाकडे आले. रबरासारखे.


मास्तर_चोपडा

इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं. वाचून होईपर्यंत पंख हललेला असतो, म्हणून वाकडा येतो. नव्या महागड्या बॉडीत वाचन इतकं जलद आहे की फरक दिसत नाही. साध्या बॉडीत बसलेल्या पक्ष्याला सायलेंट, उडत्याला यांत्रिक शटर. अंतर वाढवलंत की आवाजाचा प्रश्न आपोआप सुटतो.


सावद्याचा राजा

इतकं सगळं कशाला? दोघं जायचं. एक जण कॅमेरा लावून बसेल, दुसरा मागून चालत जाईल. टाळी वाजवली की घुबड उडतं, हव्या त्या दिशेने. मोबाईलवर आवाज लावला तर आणखी सोपं, ते तुमच्या अंगावरच येतं. आमच्या ग्रुपमध्ये सगळे असंच करतात.


बांधावरचा

म्हणूनच तुमच्या ग्रुपच्या फोटोंत घुबडाचे कान दाबलेले, तोंड वळवून मागे बघतंय, पाय लोंबतायत. घाबरून उडालेलं घुबड फोटोत ओळखू येतं, राजेभाऊ. शिकारीला निघालेलं घुबड खाली जमिनीकडे बघतं.

दिवसा उडवलेल्या घुबडामागे कावळे आणि कोतवाल लागतात, हे तुम्हीही बघितलं असेल. मग ते दिवसभर दुसरीकडे दडून बसतं, रात्री उपाशी. आणि आवाज लावला की त्याला वाटतं हद्दीत दुसरं घुबड शिरलं. विणीच्या दिवसांत अंडी सोडून ते भांडायला येतं.


काळाकोट

कायद्याचं एवढंच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केलेली आहे आणि तीत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं धरलेलं आहे. बंदूक लागत नाही. ढोलीत पिल्लं असताना खोड बडवणाऱ्याला ही व्याख्या लागू शकते. शिवाय अभयारण्यात फोटो काढायला वनखात्याची परवानगी लागते, रात्री शिरणं तर विसराच. यावल असो की अनेर, नियम तोच. फोटोखाली अभिमानाने जागा, तारीख, ‘घरट्यापाशी’ असं सगळं लिहिणारे लोक स्वतःविरुद्ध पुरावा तयार करतात याची गंमत वाटते.


सावद्याचा राजा

खोड बडवा असं मी म्हटलेलं नाही. टाळी म्हटलं. असो, आवाजाचं मागे घेतो, अंड्यांचा विचार केला नव्हता.


हरभरेवाला आबा

राम राम मंडळी. मी काही फोटोवाला नही, खेतीवाला शे. नातू म्हणतो असं लिहिलं तर सगळ्यांना कळायचं नाही, म्हणून पुढचं मराठीत त्याच्याकडून लिहून घेतोय.

थांब्यांबद्दल लिहिलं ते बरोबर आहे. आम्ही हरभऱ्यात लावतो. ज्वारीत लावले तर निसवल्यावर काढून टाकतो, नाहीतर पाखरं दाण्यावरच बसतात. रात्री पाण्याची पाळी असते तेव्हा बॅटरीच्या उजेडात बघतो, पांढरं घुबड (गव्हाणी) बांधाबांधाने जातं, बसतं, मान फिरवतं, परत जातं. पाणी भरलं की बिळांतून उंदीर बाहेर पडतात ते त्याला बरोबर कळतं. दारं धरायला मी गेलो की थोड्या वेळात ते येतंच. तुम्हाला फोटो पाहिजे तर पाण्याच्या पाळीला या, त्याला बोलवायला काही करावं लागत नाही.

विषाचं सांगतो. उंदराला गोळ्या टाकल्या की तो लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. घुबडाला तोच सापडतो. आमच्या शेजारच्या वावरात पांढरं घुबड मेलेलं सापडलं, अंगावर जखम नव्हती. तेव्हापासून आम्ही गोळ्या बंद केल्या आणि थांबे वाढवले. उंदीर संपले असं नाही, पण नुकसान झेपतं.

आणि एक राग आहे तो लिहितो. मागच्या थंडीत कोणी कॅमेरेवाले येऊन गेले. विचारलं नाही, हरभरा तुडवला, फाटक उघडं टाकलं, गुरं शिरली. पुन्हा कोणी विचारायला आलं तर चहा पाजू. न विचारता आलं तर कुत्रं सोडू.


बांधावरचा

आबा, हे धाग्यातलं सगळ्यांत कामाचं. पाण्याच्या पाळीचं मला सुचलंच नव्हतं. मंडळी, विचारून जा, सरीतून चाला, आणि हरभऱ्यात सकाळी बसणार असाल तर जुनी पँट घाला. दवात हरभऱ्याची आंब (पानांवरचं आम्ल) उतरलेली असते, कपड्याला लागली की रंग जातो, आणि तोच हात लेन्सच्या काचेला लावू नका.


केळीचा घड

आबा, आमच्याकडे रावेर भागात जुनी माणसं घराच्या आढ्यावर घुबड बसलं की खडा मारतात, अजूनही. लक्ष्मीचं वाहन म्हणून पूजा करायची आणि दारात आलं की अशुभ. दिवाळीच्या आसपास तर त्याची आणखी पंचाईत. धनासाठी म्हणून घुबड पकडून विकणारे निघतात. फोटोवाल्यांनी दिवाळीच्या महिनाभर आधीपासून ठिकाणं तर सोडाच, ताजे फोटोही टाकू नयेत असं मला वाटतं.


सातपुडा_पॅसेंजर

धागा उत्तम. मला रानपिंगळा उडताना हवाय. दिवसाचा पक्षी आहे म्हणतात, म्हणजे उजेडाचा प्रश्नच नाही. जळगाव जिल्ह्यात की नंदुरबारात, कुठे जावं? ठिकाण व्यनित (व्यक्तिगत निरोपात) कळवलं तरी चालेल.


डोंगऱ्यादेव

ठिकाण व्यनितही मिळणार नाही, भाऊ. राग मानू नका. का ते सांगतो, गोष्ट जरा लांब आहे.

या पक्ष्याचं नाव ठेवलं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने, १८७३ मध्ये, ब्लेविट नावाच्या गोळा करणाऱ्याच्या नावावरून. हा ह्यूम तोच, काँग्रेसच्या स्थापनेतला. नमुना आताच्या छत्तीसगडकडचा. त्यानंतर १८८० च्या दशकात डेव्हिडसन नावाचा मुलकी अधिकारी खान्देशात होता, त्याने शहादा-तळोद्याकडे हा पक्षी मिळवला. १८८४ नंतर एकही खरा नमुना नाही. मधे १९१४ चा एक होता, मायनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून नोंदवलेला. पुढे पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा कळलं की तो संग्रहालयातून लांबवलेला डेव्हिडसनचाच जुना पक्षी, पुन्हा पेंढा भरून खोटी चिठ्ठी लावलेला. म्हणजे आपल्या खान्देशातलं घुबड चोरून गुजरातचं केलं होतं!

ती खोटी नोंद बाजूला काढल्यावर शोध नेमक्या जागी आला. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा फिरले, काही नाही. मग शहाद्याजवळ तोरणमाळच्या पायथ्याशी आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी निष्पर्ण झाडावर तो बसलेला दिसला. तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता, तो १ जुलै १९९८ चा. ११३ वर्षं ज्याचा एकही खरा पुरावा नव्हता तो आपल्या सातपुड्यात उन्हात बसला होता. नंतर मेळघाट, यावल आणि आणखी काही ठिकाणी सापडला. २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याला अतिसंकटग्रस्तातून संकटग्रस्तात आणलं, एवढाच दिलासा.

आता फोटोचं. हो, तो दिवसा शिकार करतो, सागाच्या विरळ रानात. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे, आणि चिडला की शेपटी डावी-उजवी झटके देत हलवतो. शेपटी हलायला लागली म्हणजे तुम्ही फार जवळ आलात, मागे व्हा. उडतानाचा फोटो हवा असेल तर तो बसल्या फांदीवरून सरड्यावर झेपावतो तेव्हाच. त्या झेपेला इतका कमी वेळ लागतो की आधीपासून त्याच्यावर फोकस धरलेला नसेल तर हातात फांदी राहते. प्री-कॅप्चर असलेला कॅमेरा असेल तर तो इथे कामाला येतो, बटण दाबण्याआधीच्या फ्रेमही साठतात.

एका झाडाभोवती पंधरा लेन्स उभ्या राहिलेल्या मी पाहिल्यात. पक्षी तासभर जमिनीवर उतरला नाही. म्हणून ठिकाण नाही. परवानगी काढा, वनखात्याचा स्थानिक वाटाड्या घ्या. ती माणसं पावरा-भिल्ल वस्त्यांतली असतात, झाडं नावानिशी ओळखतात. ती सांगतील त्या अंतरावर थांबा.


सातपुडा_पॅसेंजर

पटलं. रीतसर जातो. चोरलेल्या घुबडाची गोष्ट भन्नाट आहे, हे शाळेत का नाही शिकवत?


मास्तर_चोपडा

मी शिकवतो. अभ्यासक्रमात नाही, मधल्या सुट्टीत.


निशाचर७७

आबांना व्यनि केलाय. पाण्याच्या पाळीला येतोय. फ्लॅश घरी ठेवतो, बांधावरचे भाऊ खूश व्हावेत म्हणून. बॅटरीच्या उजेडात काय आयएसओ लागतो बघू.


हरभरेवाला आबा

या. लाईट रात्री बाराला येते या आठवड्यात. दुसऱ्या आठवड्यात दिवसा आहे, तेव्हा येऊन उपयोग नाही.


लेन्सवेडी_धुळे

रविवारचा अहवाल. ४०० वर, लिमिटर लावून, सकाळी सात ते साडेआठ. पूर्वेला बसले. वीसेक झेपा मिळाल्या, त्यांतल्या पाच-सहा काटेकोर, एका फोटोत पंख पूर्ण पसरलेले आणि पायात टोळ. लेन्स विकायची नाही असं ठरलं. एक शंका, थांब्यावर परत येताना तो शेवटच्या क्षणी खालून वर उचलून बसतो, तेव्हा फ्रेममधून वर निघून जातो. काय करू?


बांधावरचा

टोळवाला फोटो डकवा आधी!

पिंगळा थांब्याच्या उंचीवर येत नाही, जमिनीलगत येतो आणि शेवटी वर उसळतो, वेग मारण्यासाठी. म्हणून फ्रेम थांब्यावर न ठेवता थांब्याच्या खाली हातभर ठेवा, आडवी काठी फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या भागात. कॅमेरा उभा धरलात तर आणखी सोपं. त्या क्षणी पंख आणि शेपटी पूर्ण उघडलेली असतात, पाय पुढे. माझ्या मते उडण्यापेक्षा उतरण्याचेच फोटो चांगले येतात.

पुढच्या रविवारी मी एरंडोल तालुक्यात बसतोय, शेतकऱ्याला विचारून झालंय. दोघांची जागा आहे, आधी व्यनि करील त्याला. मातकट कपडे, मोबाईल बंद, गाडी देवळापाशीच लावायची. बांधावर आणायची नाही.